हॉलमध्ये ५.१ बसवायचंय, पण वायरी नकोत: साउंडबार घ्यावा की एव्हीआर?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, एवढं मला कळलंय. ठाण्यात आमचा टू बीएचके आहे. हॉल १७ फूट बाय ११ फूट. लांब भिंतीवर ५५ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. टीव्हीकडे तोंड करून बसलं की डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं दार, आणि उजवीकडे भिंतच नाही, हॉल सरळ डायनिंगमध्ये उघडतो. फर्निचर, पीओपी, रंग सगळं होऊन गेलंय. भिंती फोडायच्या नाहीत हे घरात पक्कं ठरलंय.

सासऱ्यांचं वय ७६. त्यांना सिनेमातले संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं, कमी केला की बोलणं पुटपुटल्यासारखं. मुलाला आणि त्याच्या बाबाला थिएटरसारखा चहूबाजूंनी आवाज हवाय. बजेट ९० हजारांच्या आसपास.

दुकानदार म्हणतो, मागचे स्पीकर वायरलेस असलेला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घ्या, कटकट नाही. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, एव्हीआर (सुट्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि सुटे स्पीकर याशिवाय पैसे घालूच नका. वायरलेसमध्ये खरंच काय काय येतं, आणि आमच्या हॉलला काय शोभेल, हे कुणी नीट सांगेल का?

कुंदकळी
आमच्याकडे जेबीएलचा बार १००० आहे. बारच्या दोन्ही टोकांचे तुकडे निघतात, तेच मागचे स्पीकर. त्यांत बॅटरी असते. सिनेमा लावायचा असला की काढून सोफ्याच्या दोन बाजूंना ठेवायचे, झाल्यावर परत बारला जोडायचे, तिथेच चार्ज होतात. लहान मुलं असलेल्या घरात ही फार मोठी सोय आहे, जमिनीवर एकही वायर नाही. सबवूफरला फक्त प्लग लागतो. तुमच्या डायनिंगच्या बाजूला भिंत नाही म्हणता, तिथे एखाद्या स्टुलावर ठेवलं तरी चालेल. मी अगदी समाधानी आहे.

भटका_इलेक्ट्रॉन
दुकानात 'वायरलेस' या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकतात, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली ब्लूटूथ. हिचा सराउंडशी संबंध नाही. नेहमीच्या ब्लूटूथमधून दोनच चॅनल जातात, आणि आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. गाणी ऐकायला उत्तम. सिनेमात मात्र टीव्हीने चित्र तेवढंच मागे ओढलं नाही, तर ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. खोक्यावर 'वायरलेस' लिहिलंय आणि आत फक्त ब्लूटूथ आहे, असे सेट बाजारात भरपूर आहेत.

दुसरी म्हणजे साउंडबार आणि त्याचे मागचे स्पीकर यांच्यातला खासगी रेडिओ दुवा. बहुधा कारखान्यातूनच जोडी जुळवलेली येते, उशीर इतका कमी की कानाला कळत नाही. सोनोस, सॅमसंगची क्यू ९९० मालिका, सोनीचा चार स्पीकरांचा एचटी-ए९ हे सगळे याच गटातले. अडचण एवढीच की एका कंपनीचे मागचे स्पीकर दुसऱ्या कंपनीच्या बारला चालत नाहीत. बार गेला की सगळंच गेलं.

तिसरी, घरच्या वाय-फायचं तंत्र वापरणारे एव्हीआर. यामाहाच्या काही एव्हीआरमध्ये म्युझिककास्ट सराउंड आहे. त्यात पुढचे स्पीकर वायरीने जोडायचे आणि मागे त्यांचे म्युझिककास्ट २० किंवा ५० ठेवायचे. आरएक्स-व्ही४८५ मध्ये ही सोय आहे, पण त्याच्याच खालच्या आरएक्स-व्ही३८५ मध्ये नाही. म्हणून मॉडेलचा आकडा नीट वाचा.

चौथी, सुटा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर. तो एव्हीआरच्या मागच्या चॅनलला लावायचा. यात एव्हीआरला सराउंडचे प्री-आउट (ॲम्प्लिफायरच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारे सॉकेट) लागतात, आणि स्वस्त एव्हीआरला बहुधा फक्त सबवूफरचाच प्री-आउट असतो. स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारे संच मिळतात, तेही बघता येतील.

आणि एक गोष्ट चारही प्रकारांना लागू. बॅटरी नसेल तर प्रत्येक वायरलेस स्पीकरला विजेचा प्लग लागतोच. सोनीच्या एचटी-एस४०आर मध्ये तर मागे एक ॲम्प्लिफायरची डबी असते. ती डबी वायरलेस, पण तिला प्लग लागतो आणि तिच्यापासून दोन्ही स्पीकरांपर्यंत वायर जाते. सोफ्याच्या मागे प्लग पॉइंट किती आहेत, ते आधी मोजा.

पिंपळपान
भटका_इलेक्ट्रॉन, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोफ्याच्या मागे एकच पॉइंट आहे, त्यावर मोबाइलचा चार्जर आणि राउटर चालतो. डायनिंगच्या बाजूला फ्रिजशेजारी एक आहे.

चौथासूर
ताई, तुमच्या घरचा मूळ प्रश्न मागच्या स्पीकरांचा नाहीच. सासऱ्यांना संवाद कळत नाहीत, हा आहे. तिथून सुरुवात करा.

५.१ मध्ये बोलणं जवळपास सगळं मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. आजचे टीव्ही इतके पातळ की त्यांचे इवलेसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर, टीव्ही युनिटवर आपटून मग तुमच्याकडे येतो. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात, आणि स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची धार तिथेच असते. स्वर ऐकू येतात, शब्द लागत नाही. म्हणून नुसता आवाज वाढवून काही होत नाही, खर्ज तेवढा वाढतो आणि शब्द आणखी झाकला जातो.

चांगला सेंटर घ्या आणि त्याची पातळी बाकीच्यांपेक्षा दोन-तीन डेसिबल वर ठेवा. एव्हीआरमध्ये हे एका मिनिटाचं काम आहे. सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलून ठेवू नका, कप्प्याच्या पुढच्या कडेला आणा आणि पुढून थोडा उचला, म्हणजे त्याचं तोंड गुडघ्यांकडे न राहता बसलेल्या माणसाच्या कानाकडे होईल. रबराचे दोन तुकडे पुरतात.

माझं मत स्पष्ट आहे: ९० हजारांत पाच बरे स्पीकर घेण्यापेक्षा तीन उत्तम आणि एक सबवूफर घ्या. ३.१ वर सहा महिने राहा. मागचे दोन नंतर कधीही येतात.

कुंदकळी
पण साउंडबारमध्येही सेंटर असतोच की. आमच्या बारमध्ये संवाद मोठे करण्याचं सेटिंग आहे, माझी आई ते लावूनच मालिका बघते.

चौथासूर
असतो, आणि टीव्हीच्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरा असतो. माझा मुद्दा आयुष्याचा आहे. साउंडबारमधलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं की स्पीकरसकट सगळं अडगळीत. पॅसिव्ह स्पीकर (ज्यांच्या आत ॲम्प्लिफायर नसतो ते) वीस वर्षं सहज चालतात, एव्हीआर तेवढा बदलायचा. ज्यांना घरात खोकी नकोत, भाड्याचं घर आहे, दर दोन वर्षांनी सामान हलवायचंय, त्यांनी साउंडबारच घ्यावा. ताईंचं घर स्वतःचं आहे.

दर्यावर
मी रत्नागिरी जिल्ह्यातून लिहितोय. विषय थोडा बाजूचा आहे, पण गावाकडचे लोकही हा धागा वाचतील म्हणून सांगतो. कौलारू घरात ॲटमॉसच्या (डॉल्बीचं डोक्यावरूनही आवाज देणारं तंत्र) नादाने वर तोंड केलेले स्पीकर असलेला साउंडबार घेऊ नका. ते स्पीकर आवाज छतावर फेकतात आणि तो परतून आपल्या डोक्यावर येतो अशी त्यांची योजना. त्याला सपाट आणि कडक छत लागतं, साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचं. आमच्याकडे उतरतं छप्पर, मध्ये वासे आणि रीपा, मधली उंची सोळा-सतरा फूट. आवाज परत येतच नाही. भावाने मोठ्या हौसेने असा बार आणला, वरचे स्पीकर बंद केले काय आणि चालू ठेवले काय, फरक कळत नाही. त्याच पैशात साधं ५.१ कितीतरी चांगलं वाजलं असतं.

दुसरं, जांभ्याच्या भिंती. वाय-फायवर चालणारे स्पीकर एकाच खोलीत असतील तर ठीक, पण राउटर पलीकडच्या खोलीत असेल तर त्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास पोचतच नाही. आणि मे आणि ऑक्टोबरमधल्या विजा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून उपसून ठेवायचा, डिश अँटेनाची केबलसुद्धा काढायची. वायरी उघड्या टाकल्या तर उंदीर सोडत नाहीत, त्या पाइपातूनच न्या.

निळासावळा
जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. इथे भाड्याच्या घरात रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, त्यामुळे वायरलेसपेक्षाही मला 'नाइट मोड'चा जास्त उपयोग झाला. त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि हळू आवाज वर आणले जातात. स्फोट घाबरवत नाही आणि कुजबुज ऐकू येते. पिंपळपान यांच्या सासऱ्यांना दिवसासुद्धा हे आवडेल. एव्हीआर घ्या किंवा बार, रिमोटवर याचं बटण कुठे आहे ते बघून घ्या.

माझ्या सेटचे मागचे वायरलेस स्पीकर सुरुवातीला मध्येच गप्प व्हायचे. इमारतीत प्रत्येकाचा राउटर, सगळा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भरलेला. राउटर टीव्हीच्या मागून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तेव्हापासून त्रास जवळपास गेला. पिंपळपान, तुमचा राउटर सोफ्यामागे, म्हणजे मागच्या स्पीकरच्या अगदी शेजारी आहे, तेवढा हलवा.

तारायंत्र
मी पुण्यात केबलिंगचीच कामं करतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

पिंपळपान, 'वायर शक्य नाही' हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या वर्णनावरून रस्ता मला दिसतोय. टीव्ही युनिटमागून निघायचं, डाव्या कोपऱ्यापर्यंत स्कर्टिंगच्या वरून, तिथून सरळ वर, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीच्या वरून पीओपीच्या कडेने समोरच्या भिंतीपर्यंत, खाली उतरून सोफ्यामागे. पीव्हीसीची केसिंग पट्टी वापरायची, भिंतीचाच रंग तिला मारायचा. सोफ्यामागचा भाग तर दिसणारच नाही. भिंतीला एकही चर नाही. ठाण्यातला कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन हे अर्ध्या दिवसात करेल.

लांबी धरू या: डावा स्पीकर सुमारे ३५ फूट, उजवा ५० फूट, म्हणजे १५ मीटर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.३६ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला हे साडेचार टक्के, चालतं. सेटबरोबर येणारी ०.५ ची बारीक वायर त्याच लांबीला ओहमच्या पुढे जाते, ती टाकू नका. २.५ मिळाली तर उत्तमच.

वायर घ्यायला इथे तापकीर गल्ली, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. पण 'तांब्याची' म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास देतात. दुकानातच टोक सोलायला लावा आणि एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी दिसली तर परत द्या. हातात घेतली तरी गुंडाळी हलकी लागते.

आता जागा. पुढचे दोन स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्याच्या नजरेतून मध्यापासून ३० अंशांवर येतात. तुमचं अंतर नऊ फूट धरलं तर दोघांमध्ये दहा फूट, १७ फुटी भिंतीवर आरामात बसतात. मागचे ५.१ मध्ये १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. सोफा भिंतीला टेकलेला असल्यामुळे मागे जागाच नाही. मग त्याच भिंतीवर सोफ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे, बसलेल्या माणसाच्या कानांपेक्षा फूट-दीड फूट वर ब्रॅकेट मारा आणि तोंड एकमेकांकडे वळवा, थेट कानावर नको. उजवीकडे हॉल उघडा असला तरी ब्रॅकेट मागच्या भिंतीवरच येतोय, त्यामुळे अडचण नाही.

शक्य झालं तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. ११ फुटांच्या त्या अंतरात ५१ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज साचतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्याला तो सगळ्यात जास्त घुमतो. टाइल्सची फरशी असेल तर मध्ये जाड गालिचा आणि बाल्कनीच्या काचेवर जाड पडदा. संवाद स्पष्ट व्हायला या दोन गोष्टींचा जेवढा उपयोग होतो, तेवढा पुढचं मॉडेल घेऊनही होत नाही.

भटका_इलेक्ट्रॉन
तारायंत्र यांच्याशी पूर्ण सहमत. वायर जाऊ शकत असेल तर वायरच. वायरलेस हा नाइलाजाचा चांगला उपाय आहे, आणि तो मागच्या दोन स्पीकरांसाठी आणि सबसाठीच. पुढचे तीन टीव्हीजवळच असतात, तिथे वायरलेसवर पैसे का घालायचे?

ज्यांना मागे वायरलेस लावावंच लागेल त्यांच्यासाठी: दुव्याला उशीर होत असेल तर एव्हीआरमध्ये त्या स्पीकरचं अंतर वाढवून टाका. आवाज मिलिसेकंदाला साधारण एक फूट जातो. दुव्याचा उशीर २० मिलिसेकंद असेल तर खऱ्या अंतरात २० फूट मिळवा, एव्हीआर बाकीच्या स्पीकरांना तेवढं थांबवतो. माइक लावून मोजणी केली तर ऑडिसी किंवा वायपाओ (एव्हीआरमधल्या आपोआप मोजणीच्या सोयी) बहुधा हे स्वतःच पकडतात, म्हणून मोजणीनंतर सबचं अंतर खोलीपेक्षा मोठं दिसलं तर ते खोडू नका.

पिंपळपान
तारायंत्र, हे वाचून काल संध्याकाळी आम्ही टेप घेऊन मोजलं. बाल्कनीच्या चौकटीवर आणि पीओपीच्या मध्ये चार इंच मोकळी जागा आहे! घरात सगळ्यांचं मत बदललं. एव्हीआर आणि ५.१ च बघतोय. टीव्हीला कसं जोडायचं, ते आता सांगा. टीव्हीवर एक एचडीएमआय 'एआरसी' लिहिलेलं आहे, 'ई-एआरसी' नाही. टीव्ही सॅमसंगचा, २०१९ चा आहे. नेटफ्लिक्स, प्राइम टीव्हीवरच बघतो, मुलगा पेनड्राइव्हवरून लावतो.

भटका_इलेक्ट्रॉन
ओटीटीसाठी एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच एव्हीआरकडे उलटा नेणारी सोय, ई-एआरसी ही तिची पुढची आवृत्ती) पुरतं. तिथे डॉल्बी डिजिटल प्लस हा आवळलेला सराउंड आवाज येतो, ॲटमॉससुद्धा त्यातच बसतं, आणि टीव्हीने पुढे पाठवलं तर एआरसी ते नेऊ शकतं. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडी, डीटीएस-एचडी या आवाजाच्या जड प्रकारांना ई-एआरसी लागतं, पण प्लेअर थेट एव्हीआरला जोडला तर तोही प्रश्न नाही. ऑप्टिकल केबल शेवटचा पर्याय, तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही.

जोडल्यावर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (टीव्हीनेच उलगडलेला, बहुधा दोनच चॅनलचा आवाज) वरून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' वर आणा. मग ५.१ असलेला सिनेमा लावून एव्हीआरच्या डिस्प्लेकडे बघा. तिथे डॉल्बीचं नाव दिसलं पाहिजे. पीसीएम स्टिरिओ दिसत असेल तर पाचही स्पीकर वाजले तरी तो एव्हीआरने दोन चॅनलमधून पसरवलेला आवाज आहे. कितीतरी घरांत हे वर्षानुवर्षं तसंच राहतं.

पेनड्राइव्हचं महत्त्वाचं: सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून टीव्हीतून डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) काढून टाकलंय. फाइलमध्ये डीटीएस ट्रॅक असेल तर चित्र दिसेल, आवाज येणार नाही, आणि दोष एव्हीआरचा वाटेल. मुलाला एखादा छोटा मीडिया प्लेअर घेऊन एव्हीआरलाच जोडायला सांगा.

कुंदकळी
हे डिस्प्लेचं मला माहीत नव्हतं. आमच्या बारवर बघितलं, पीसीएमच दिसत होतं. सेटिंग बदललं आणि मागच्या स्पीकरांत पहिल्यांदा पाऊस वेगळा ऐकू आला. धन्यवाद!

चौथासूर
खालच्या मजल्याचाही विचार करा. सबचा आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पाट ठेवा. निवासी भागाची मर्यादा कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. खर्ज खालच्यांना त्याआधीच जाणवतो. रात्री सब तीन-चार डेसिबल खाली करायची सवय ठेवा.

सबची जागा शोधायला एक जुनी युक्ती: सब सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाची एक ओळखीची धून लावा, आणि तुम्ही भिंतींच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे खर्ज घुमत नाही, प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, तिथे सब ठेवा. वायर तिथपर्यंत जात नसेल तर सबला वायरलेस दुवा लावायला माझी अजिबात ना नाही, खर्जात त्याचा त्रास होत नाही.

पिंपळपान
ठरलं. या महिन्यात एव्हीआर, पुढचे तीन आणि सब. मागच्या दोन स्पीकरांची वायर आत्ताच पट्टीतून टाकून ठेवतोय, स्पीकर दिवाळीला. दुकानात सासऱ्यांना बरोबर नेलं होतं. तीन सेंटर ऐकवले, सगळ्यांवर एकाच मराठी नाटकातला तोच प्रवेश. त्यांनी डोळे मिटून निवडला, तो तिघांत सगळ्यात महाग नव्हता.

उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. स्पीकर नंतर लागणार, तर वायर टाकताना काय जपू?

तारायंत्र
दोन्ही टोकांना दोन फूट वायर जास्तीची सोडा, गुंडाळून पट्टीत किंवा युनिटमागे ठेवा. स्पीकरच्या वायरी आणि विजेच्या वायरी एका पट्टीत घालू देऊ नका, इलेक्ट्रिशियन सोयीसाठी घालतात आणि मग गुणगुण येऊ शकते. शेजारून न्यायच्याच असतील तर सहा इंच अंतर, ओलांडायच्या असतील तर काटकोनात.

प्रत्येक टोकाला कागदी चिकटपट्टीवर 'मागे डावा', 'मागे उजवा' लिहा, आणि अधिक (+) तार कुठली ते त्याच दिवशी खूण करून ठेवा, दिवाळीपर्यंत लक्षात राहत नाही. उघडी तांब्याची टोकं टेपने बंद करा, ठाण्याच्या पावसाळी हवेत काळी पडतात. स्पीकर लावाल तेव्हा एव्हीआर जोडण्याआधी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्या वायरीला क्षणभर टेकवा, सेलचं अधिक टोक खुणेच्या तारेला. स्पीकरचा पडदा पुढे आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर स्पीकरकडची दोन टोकं अदलाबदल करा.